त्याचं नाव पत्रकावर छापा

प्रति,
कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
आपलं चित्रपट मंडळ

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण राइनर वेर्नर फासबिंडर या दिग्दर्शकाचा ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ दाखवलात. १९७४ सालचा हा जर्मन चित्रपट मी याआधी तीनदा पाहिला होता, त्यातला पहिल्यांदा म्युनिकमध्येच, शिकायला होते तेव्हा. तरी त्या रविवारी मी मुद्दाम आले, कारण माझ्याबरोबर तीन मुली होत्या.

मी जर्मन शिकवते. पूर्वी माझ्या वर्गात इंजिनिअर असायचे, नाहीतर भाषेची हौस असलेली कॉलेजची मुलं. गेल्या काही वर्षांत नर्सिंग केलेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे विद्यार्थी येऊ लागलेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, १०,००० जणांना पाठवायचं जाहीर झालं, तेव्हापासून तर तालुक्याच्या गावांतूनही फोन येतात. त्या तिघी नर्स आहेत. दोघी जीएनएम, एक बीएस्सी. सकाळी वर्ग, दुपारी किंवा रात्री ड्युटी, आणि मधल्या वेळात बसमध्ये शब्दांच्या चिठ्ठ्या पाठ करणं. जिथे जायचंय तो देश त्यांनी एकदा पडद्यावर पाहावा, आणि तोही पर्यटनाच्या जाहिरातीतला नव्हे, एवढ्यासाठी त्यांना आणलं होतं.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच सभागृहात हसू फुटलं. मोठं नव्हतं, इकडून-तिकडून खुदखुद. मोरोक्कोहून आलेला मेकॅनिक मोडक्या जर्मनमध्ये बोलत होता, आणि आपल्या इंग्रजी सबटायटल्समध्येही ती मोडकी भाषा तशीच उतरली होती. तो बोलायला लागला की हसू. पुढे साठीची विधवा एमी आणि तो एकमेकांजवळ आले, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून एक शब्द स्पष्ट ऐकू आला. म्हातारचळ. त्यावरही हसू.

माझ्या शेजारच्या तिघी हसत नव्हत्या. त्या ओठ हलवत होत्या. सबटायटल न वाचता त्याचं जर्मन कानांनी पकडायचा प्रयत्न करत होत्या, आणि त्यांना ते कळत होतं. पडद्यावरचे बाकीचे सगळे फार भराभर बोलत होते, हा एकटाच त्यांना कळेल असं बोलत होता. बाहेर पडताना, चपला घालता घालता, त्यांतली एक म्हणाली, “मॅडम, तो आमच्यासारखंच बोलतो ना?”

मी “हो” एवढंच म्हणाले. त्यानंतर जे म्हणायला हवं होतं ते मला तिथे सुचलं नाही. ते इथे लिहिते आहे. आणि खुलं पत्र लिहिते आहे, कारण कुणा एकाची तक्रार करायची नाही. हसणाऱ्यांत माझे पंधरा-पंधरा वर्षांचे स्नेही होते. चांगला सिनेमा पाहायला पदरमोड करून येणारी, वाचणारी माणसं. त्यांना हसू आलं याला आपण त्यांच्या हातात दिलेलं पत्रक थोडंफार जबाबदार आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पत्रकात लिहिलं होतं: ‘एका जर्मन विधवेची आणि अली नावाच्या अरब तरुणाची हृदयस्पर्शी प्रेमकथा.’ शीर्षकाचं मराठी केलं होतं ‘भीती आत्म्याला खाते’. आणि कलाकारांच्या यादीत एकच नाव होतं, एमीचं काम करणाऱ्या ब्रिगिटे मीरा यांचं.

आधी शीर्षकाबद्दल, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. शुद्ध जर्मनमध्ये हे वाक्य ‘आंग्स्ट इस्ट डी झेले आउफ’ असं होईल. चित्रपटाचं नाव आहे ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’. क्रियापद चालवलेलं नाही, शब्दकोशात असतं तसंच ठेवलंय, आणि नामाआधी लागणारा ‘डी’ गळालाय. आठवड्याला चाळीसेक वह्या तपासते, त्या प्रत्येक वहीत ही चूक असते. ‘इश गेहे’ म्हणजे ‘मी जाते’ असं म्हणायचं असतं, आणि मुली म्हणतात ‘इश गेहेन’. मराठीत सांगायचं तर ‘मी जाणे’. ‘तू येणे’. ‘पेशंट झोपणे’. नवख्या माणसाला परकी भाषा पहिल्यांदा अशीच येते, अर्थ हातात असतो आणि प्रत्यय निसटलेले असतात. फासबिंडरने आपल्या चित्रपटाच्या कपाळावर ही चूक जशीच्या तशी ठेवली. १९७४ साली प्रत्येक जर्मन पोस्टरवर, प्रत्येक थिएटरच्या दारावर, सगळ्या देशाला एका स्थलांतरित मजुराचं व्याकरण मोठ्या अक्षरांत वाचावं लागलं.

आपण ते व्याकरण दुरुस्त केलंत. ‘भीती आत्म्याला खाते’. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी, आणि बोलणारा माणूस गायब.

मी घरी येऊन दोन दिवस याचं मराठी करून पाहत होते. ‘आत्मा’ मला पटेना. आपल्याकडे आत्मा म्हटलं की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि ‘झेले’ हा तर जर्मनमध्ये रोज तोंडी येणारा शब्द. ‘जीव’ घ्यावा, तर ‘जीव खाणे’ म्हणजे भंडावून सोडणे. अर्थ भलतीकडे जातो. शेवटी ‘काळीज’पाशी येऊन थांबले. भीती काळीज खाऊन टाकणे. असं बोललं की म्हणणारा कुठूनतरी लांबून आलाय हे कळतं, आणि त्याला जे म्हणायचंय तेही पुरतं कळतं. चित्रपटात एमी त्याला सांगते की आपण फार सुखात आहोत आणि फार भ्यायलोही आहोत, त्यावर तो हे वाक्य म्हणतो. आमच्याकडे असं म्हणतात, असं सांगतो. सबंध चित्रपटात त्याच्या तोंडी आलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य, आणि ते त्याच्या मोडक्या जर्मनमध्येच आहे. हे पत्रकात दोन ओळींत सांगितलं असतं तर हसू आलं नसतं, असं माझं मन सांगतं.

आता नावाबद्दल. त्या तरुणाचं नाव अली नाही. चित्रपटातच हे सांगितलंय. एमी त्याला नाव विचारते तेव्हा तो भलंमोठं नाव सांगतो: एल हेदी बेन सालेम म्बारेक मोहम्मद मुस्तफा. मग म्हणतो, इथे सगळे अली म्हणतात. तेव्हापासून तीही अलीच म्हणते. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, ती त्याच्यासाठी मुलांशी, शेजाऱ्यांशी, सगळ्या जगाशी वैर घेते, आणि तरीही त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाही. यात तिचा दुष्टपणा नाही. तिला ते सुचतच नाही.

ही गोष्ट फासबिंडरने चार वर्षं आधीच एकदा सांगितली होती. ‘अमेरिकन सोल्जर’ या १९७० च्या चित्रपटात हॉटेलातली एक कामवाली एमी आणि तिच्या तुर्की नवऱ्याची गोष्ट सांगते. त्या गोष्टीत एमीचा खून होतो, आणि तिथेही नवऱ्याचं नाव अलीच असतं, कारण म्हणे तुर्क कितीतरी जण अलीच असतात. आत्ताच्या चित्रपटाचं काम चालू होतं तेव्हाचं शीर्षकही ‘सगळे तुर्क अली असतात’ असंच होतं. म्हणजे नावाचा हा प्रश्न मी बाहेरून आणून चिकटवत नाही. चित्रपट त्यातूनच उगवलाय. पुढे १९८५ साली ग्युंटर वालराफ या पत्रकाराने तुर्की मजुराचं सोंग घेऊन जर्मन कारखान्यांतले हाल उघड केले, फार मोलाचं काम केलं. त्यानेही त्या सोंगासाठी नाव घेतलं ते अलीच.

आणि एल हेदी बेन सालेम हे केवळ पात्राचं नाव नाही. ते काम करणाऱ्या माणसाचं खरं नाव आहे. म्हणजे पडद्यावरचा तो माणूस त्या क्षणी स्वतःचं नाव सांगतो आहे. ते आपल्या पत्रकात कुठेही नव्हतं.

माझ्या तीन विद्यार्थिनींपैकी एकीच्या नावात ‘ज्ञ’ आहे. मागच्या वर्षी तिची व्हिडिओवर मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी दोनदा प्रयत्न केला, हसून माफी मागितली, आणि विचारलं, आम्ही तुला दुसरं काही सोपं म्हटलं तर चालेल का? हिने लगेच मान डोलावली. नोकरीचा प्रश्न होता. वर्गात येऊन तिने ते हौसेने सांगितलं, सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या रविवारी पडद्यावर तो लांबलचक नाव सांगत होता, तेव्हा ती मुलगी माझ्याकडे वळून पाहत होती. मी त्या नव्या नावावर हसले होते, हे मला तेव्हा आठवलं.

एक गोष्ट आपल्या चर्चेत आली नाही, आणि ती कळल्यावर मला स्वतःला फार जड गेलं होतं. पडद्यावर अलीचा म्हणून जो आवाज ऐकू येतो, तो बेन सालेमचा नाही. त्याच्या सगळ्या वाक्यांचं डबिंग वोल्फगांग हेस या जर्मन कलावंताने केलंय. जर्मन प्रेक्षकाला हा आवाज चांगला ओळखीचा, कारण बड स्पेन्सर या इटालियन नटालाही त्याचाच आवाज. म्हणजे ते तुटक बोलणं, ज्यावर आपण हसलो आणि ज्याच्यावर माझ्या मुलींनी जीव लावला, ते अस्खलित जर्मन बोलणाऱ्या माणसाने तोडून म्हटलेलं बोलणं आहे. बेन सालेमला फासबिंडरने मुख्य भूमिका दिली, चेहरा आणि देह मोठ्या पडद्यावर आणला, आणि त्याचा आवाज काढून घेतला. त्या काळी डबिंग सर्रास चालायचं, हे मला ठाऊक आहे. पण ज्या चित्रपटाचा अर्धा जीव एका माणसाच्या उच्चारात आहे, तिथे याला नुसती तांत्रिक बाब म्हणून पुढे जाता येत नाही.

हे सगळं लिहिते म्हणजे मला हा चित्रपट नावडतो असं कृपया समजू नका. माझ्या लेखी त्याच्याइतकं खरं बोलणारे युरोपीय प्रेमपट थोडे आहेत. जेमतेम पंधरा दिवसांत, फार तुटपुंज्या पैशात केलेलं काम. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात १९७४ साली आंतरराष्ट्रीय समीक्षकांचं पारितोषिक त्याला मिळालं, ते योग्यच होतं. साठी उलटलेली, जाडसर, लोकांच्या जिन्यांची लादी पुसणारी बाई प्रेमकथेची नायिका म्हणून किती वेळा दिसते? ब्रिगिटे मीरा तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. तोवर त्यांचं नाव होतं ते ऑपेरेटांसाठी, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांसाठी. या भूमिकेने त्यांना जर्मनीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळवून दिला. त्यांचे वडील ज्यू होते, नाझी काळात ही गोष्ट लपवून त्यांनी दिवस काढले. आणि चित्रपटात त्यांच्याच तोंडी वाक्य आहे की मीही हिटलरच्या पक्षात होते, सगळेच होते. लग्नाची मेजवानी म्हणून एमी नवऱ्याला म्युनिकच्या शेलिंगश्ट्रासे रस्त्यावरच्या ‘ओस्टेरिया इटालियाना’ या हॉटेलात नेते, कारण हिटलर तिथे जेवायला यायचा आणि तिला किती वर्षं आत जायचं होतं. ही जागा आजही आहे. मी एकदा तिच्यासमोर उभी राहून आले, आत जावंसं वाटलं नाही.

आपण चर्चेत चौकटींबद्दल पुष्कळ बोललो. दारांच्या चौकटी, खिडक्या, कठडे, आणि डग्लस सर्कच्या १९५५ च्या अमेरिकन चित्रपटाशी असलेलं नातं. बरोबरच होतं ते. तिकडे मुलं आईला एकटेपणावर तोडगा म्हणून टीव्ही आणून देतात, इकडे मुलगा आईच्या लग्नाची बातमी ऐकून टीव्हीला लाथ घालतो. पण त्या चौकटीत कोण बसवलंय, हे आपण पाहिलंच नाही, आणि मला तिथे हात वर करायला हवा होता.

जिन्याचं दृश्य आठवा. एमीच्या कामावरच्या बायकांना लग्नाचं कळलंय. जेवणाच्या सुट्टीत त्या तिला टाळतात, आणि ती जिन्याच्या पायऱ्यांवर एकटी डबा खात बसते. कॅमेरा कठड्याच्या गजांमधून तिच्याकडे पाहतो, तुरुंगात बसल्यासारखी दिसते. बऱ्याच वेळाने, सगळं निवळल्यावर, त्याच जिन्यावर एक नवी कामवाली येते. योलांडा, युगोस्लाव्हियातल्या हर्झेगोविनाची. तिला पगार कमी आहे. बाकीच्या बायका पगारवाढ मागायचं बोलत असतात, हिला त्यात घ्यायचं नाही असं ठरतं, आणि एमी त्या बायकांमध्ये बसलेली असते. आता त्याच गजांमागे, त्याच पायऱ्यांवर, योलांडा एकटी. एक शब्दही न बोलता. सहज दिसून जाईल असं दृश्य आहे. पण जिला कालपर्यंत वाळीत टाकलं होतं ती आज दुसरीला वाळीत टाकायला बसते, हे इतक्या कमी साधनांत दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वाळीत टाकणं काय असतं हे आपल्याला जर्मनीतून शिकावं लागत नाही.

घरातही तेच. शेजारणी पुन्हा बोलू लागतात कारण सामान हलवायला त्याचे दंड हवे असतात. वाणी पुन्हा गोड बोलतो कारण गिऱ्हाईक हवं असतं. मुलगा फोडलेल्या टीव्हीचे पैसे पाठवतो कारण त्याचं मूल सांभाळायला आई हवी असते. आणि एमी मैत्रिणींना नवऱ्याचे दंड चाचपून पाहायला लावते. त्या त्याच्याभोवती फिरतात, हात लावतात, कौतुक करतात. तो उठून निघून जातो, तर ती म्हणते, यांचे स्वभावच असे. तो कुसकुस, म्हणजे त्याच्याकडचं रव्याचं जेवण, मागतो, तर ती म्हणते, मला नाही आवडत, इथल्या जेवणाची सवय कर. मग तो बारच्या मालकिणीकडे जातो. त्याला नेमकं काय हवं होतं हे न पाहताच कुणीतरी मागे ‘बाहेरख्याली’ असं पुटपुटलं. त्याला घरचं जेवण हवं होतं, हे पहिलं कारण आहे.

दंड चाचपण्याच्या त्या दृश्यात चित्रपट एमीवर टीका करतो, हे खरं. पण कॅमेराही काही ठिकाणी त्या देहाकडे तसाच पाहतो, हेही तितकंच खरं आहे. तो उघडा उभा राहतो, न बोलता, आणि कॅमेरा रेंगाळतो. बेन सालेम आणि फासबिंडर त्या काळात एकत्र राहत होते. ते प्रेमच असेल, मला त्यावर न्याय द्यायचा नाही. एवढंच म्हणायचंय की चित्रपटाला एमीची चूक जितकी स्वच्छ दिसते तितकी स्वतःची दिसत नाही. चर्चेत हे आलं असतं तर चित्रपट लहान झाला नसता.

आणखी एक दृश्य, कारण त्यात हसू आहे. ती त्याला भेटायला गॅरेजमध्ये येते. सोबतचे कामगार विचारतात, ही कोण, तुझी मोरोक्कोची आजी का? सगळे हसतात. आणि तोही त्यांना थांबवत नाही, त्यांच्यातच हसतो. त्याचं हसू नीट पाहा. आपल्यावर हसणाऱ्यांत मिसळून हसलं की निदान थोडा वेळ आपण त्यांच्यातले होतो.

चित्रपटाचा शेवट इस्पितळात होतो. त्याला पोटात अल्सर फुटलाय. डॉक्टर एमीला सांगतात की परदेशी मजुरांमध्ये हे नेहमीचं, ताणामुळे होतं, ऑपरेशन करून काही उपयोग नसतो, सहा महिन्यांनी पुन्हा येतात. विश्रांतीसाठी आरोग्यधामात त्यांना पाठवायची परवानगी नसते. शांतपणे, माहिती दिल्यासारखं सांगतात. या एका वाक्यामागे अठरा वर्षांचा इतिहास आहे. १९५५ साली इटलीशी करार करून पश्चिम जर्मनीने बाहेरून मजूर आणायला सुरुवात केली, मग स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, १९६३ साली मोरोक्को. त्यांना नाव दिलं ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणे कामगार. १९७३ च्या सप्टेंबरात या चित्रपटाचं चित्रीकरण झालं, आणि नोव्हेंबरात सरकारने ही भरती बंद केली. पाहुण्यांनी आता परत जावं असं देश बोलू लागला होता, त्याच वेळी हा माणूस पडद्यावर पोट धरून कोसळत होता.

माझ्या नर्सना इस्पितळाचं दृश्य सगळ्यात जास्त भिडलं, ते वेगळ्या कारणाने. त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहणार आहेत. पुढच्या वर्षी जर्मन म्हाताऱ्यांच्या उशाशी त्याच असतील, मोडक्या जर्मनमध्ये ‘दुखणे?’ असं विचारत.

बेन सालेमचं पुढे काय झालं हे चर्चेत कुणी विचारलं नाही, आणि पत्रकात तर तो नव्हताच. चित्रपट गाजला त्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याच्या हातून तिघांवर चाकूने वार झाले. तो फ्रान्सला पळाला, आणि १९७७ साली तिथल्या तुरुंगात त्याचा मृत्यू झाला. गावी त्याची बायको होती, मुलं होती. त्यातल्या दोन मुलांना त्याने जर्मनीत आणलं होतं, त्यांची फार परवड झाली. फासबिंडरला त्याच्या मृत्यूची बातमी पुष्कळ उशिरा कळली, स्वतःच्या मरणाच्या जरा आधी. १९८२ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मागून प्रदर्शित झालेल्या ‘केरेल’ या शेवटच्या चित्रपटाच्या आरंभी अर्पणपत्रिका आहे. तिथे अली लिहिलेलं नाही. एल हेदी बेन सालेम म्बारेक मोहम्मद मुस्तफा याच्याशी असलेल्या मैत्रीला, असं आहे. सगळंच्या सगळं नाव.

ज्या माणसाने त्याला अली केलं, त्यानेच शेवटी ते नाव पुसून खरं नाव लिहिलं. मग आपण पन्नास वर्षांनी पुन्हा अली का लिहावं?

आता माझं मागणं.

हा चित्रपट आपण पुन्हा दाखवावा. लवकर दाखवावा, याच वर्षी. पत्रकात शीर्षक मोडकंच राहू द्यावं आणि ते मोडकं का आहे हे सांगावं. कलाकारांत पहिल्या दोन नावांत बेन सालेमचं पूर्ण नाव असावं, खाली वोल्फगांग हेसचंही, आवाज कुणाचा ते सांगून. व्हिओला शफीक यांनी २०११ साली बेन सालेमवर केलेला माहितीपट आहे, त्याचं नावच ‘माझं नाव अली नाही’ असं आहे. तो मिळवायचा प्रयत्न करावा आणि आधी तो, मग चित्रपट, या क्रमाने दाखवावा. जर्मनीशी पत्रव्यवहार लागला तर मी करते.

आणि चर्चेला समीक्षकांबरोबर अशा कुणाला तरी बसवावं ज्याने दुसऱ्याच्या देशात किंवा दुसऱ्याच्या शहरात, दुसऱ्याच्या भाषेत, मजुरी केलीय. आखातात दहा वर्षं राबून आलेले लोक आपल्याच तालुक्यांत आहेत. आपल्या सभागृहाच्या फाटकावर जो काका गाड्या लावून देतो, तो बिहारचा आहे, आणि त्याचं मराठी कसं आहे ते आपण सगळे दर रविवारी ऐकतो. त्याला गेली सात-आठ वर्षं आपण सगळे ‘भैया’ म्हणतो. मीही म्हणते. परवा मी त्याला नाव विचारलं. त्याने दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं नाही.

पत्रक मी लिहून देते. छापायला टाकण्याआधी एकदा फक्त मला दाखवा, नावांचे उच्चार तपासून देईन. तिघींपैकी दोघी तोवर इथे असतील, त्यांना चर्चेत बोलायचंय. रविवारची ड्युटी बदलून घ्यायला त्यांना तीन आठवडे आधी तारीख कळायला हवी. तिसरीचा व्हिसा आलाय, ती पंचवीस तारखेला निघते. जायच्या आधी तिने मला नमुना म्हणून लिहिलेला अर्ज तपासायला दिला. नावाच्या रकान्यात तिने सबंध नाव लिहिलंय, ‘ज्ञ’सकट, आणि खाली कंसात जर्मनमध्ये त्याचा उच्चार.

आपली,
एक जुनी सभासद